पाण्याचं विचारा : हिरव्या रंगावर किती भरवसा ठेवायचा?

प्रश्न : आमच्या कॉलनीच्या फलकावर शहराच्या भूजलाचा रंगीत नकाशा लावलाय. त्यात आमचा भाग हिरवा, म्हणजे पाणी ‘उत्तम’. नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो, म्हणून बोअरिंगचंही पाणी आम्ही पितो. पण पातेल्याला पांढरा थर धरतो, डाळ शिजता शिजत नाही. शेजाऱ्यांच्या बोअरिंगला तसं काही नाही. घरात चार महिन्यांचं नातवंड आहे. नकाशावर विसंबू का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, आधी बाळाचं. नुसतं आईच्या दुधावर असेल तर त्याला पाणी लागतच नाही. वरचं दूध असेल, तर तपासणी होईपर्यंत त्यात बोअरिंगचं पाणी घालू नका, उकळूनसुद्धा. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट (सांडपाण्यातून, खतांतून पाण्यात उतरणारा, तान्ह्या बाळांना घातक क्षार) मात्र तसंच राहतं; पाणी आटलं की त्याचं प्रमाण उलट वाढतं. त्याला ना रंग ना वास. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, आणि तीत सवलत नाही.

पातेल्यावरचा थर कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. डाळीला त्रास, तुम्हाला फारसा नाही. त्यालाच पाण्याचा जडपणा म्हणतात. तो लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगला, दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात.

आता नकाशा. नोकरीत असताना अशा नकाशांसाठी पाण्याचे नमुने मी स्वतः गोळा केलेत. भर मे महिन्यात पंप दहा मिनिटं नुसता वाहू द्यायचा, क्षार मोजणाऱ्या मीटरवरचा आकडा स्थिरावला की बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरायची. तेवढ्यात घरमालकीण बादल्या घेऊन हजर: “भैया, बहा क्यों रहे हो?” तिचंही बरोबरच होतं.

असं एकेक घर म्हणजे नकाशावरचा एकेक ठिपका. मोजलेलं तेवढंच. मधला रंग संगणक भरतो, जवळच्या ठिपक्याला जास्त वजन देऊन. नदीकाठच्या वाळूत हे बऱ्यापैकी जमतं. आपल्या माळव्यात काळी माती, खाली मुरूम, मग बसाल्ट. पाणी खडकाच्या भेगांत आणि सच्छिद्र थरांत. तुमची भेग वेगळी, शेजाऱ्यांची वेगळी. त्यात चाळीस फुटी बावडी (जुनी विहीर) आणि पाचशे फुटी बोअरिंग एकाच नकाशावर शेजारी-शेजारी बसतात. 1978 साली नर्मदाकाठच्या जलूदहून नळाने नर्मदा आली आणि आपण बावड्यांकडे पाठ फिरवली. कोणती किती खोल, हे सांगणारेही आता कमी उरले.

‘उत्तम’ हा शिक्का तर बहुधा सगळ्या घटकांचा मिळून काढलेला एकच आकडा असतो. घरातल्या पाच जणांच्या तापाची सरासरी काढा, कुणालाच ताप निघणार नाही!

नकाशा टाकाऊ नाही. पुन्हा कुठे नमुने घ्यायचे, कुठल्या वस्तीत सांडपाणी झिरपतंय, हे महापालिकेला त्यावरूनच कळतं. तुमच्या पेल्यात काय आहे, ते त्याला विचारू नका.

प्रयोगशाळेत नायट्रेट, फ्लोराइड, जडपणा, एकूण विरघळलेले क्षार आणि ई. कोलाय (सांडपाण्यातले जंतू), एवढं मागा. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली तिथूनच आणा आणि भरल्यावर बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा करा. मिस्त्रीला बोलावून सेप्टिक टँक बोअरिंगपासून किती लांब आहे आणि केसिंग (बोअरिंगच्या तोंडाशी बसवलेला पाइप) पक्क्या खडकापर्यंत गेलंय का, तेही पाहून घ्या. जाताना शेजाऱ्यांच्या पाण्याचीही एक बाटली न्या. दोन्ही रिपोर्ट आले की मला पाठवा.