फिक्स्ड गिअर सायकलची चेन बदलायची आहे. १/८ घेऊ की ३/३२? गावातल्या दुकानातली साधी चेन चालेल का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की पुढे ४६ आणि मागे १६ दात आहेत, चेन झोल खाते आणि नांदेडमधला तुमचा मेकॅनिक म्हणतो, 'चेन कोणतीही आणा, लांब झाली तर कड्या कमी करून पिन ठोकून देतो.' १/८ आणि ३/३२ (चेनच्या आतल्या रुंदीचं इंचातलं माप) चं सांगतो नंतर. 'पिन ठोकून देतो' हे वाचलं आणि मला राहवलं नाही.

माझ्या मामांचं परभणीत सायकलचं दुकान आहे. पूर्वी काळ्या सायकली तासाच्या भाड्याने द्यायचे. भाडं बंद पडलं तशा त्या एकेक करून भंगारात गेल्या. उरलेल्या दोनपैकी एकीच्या फ्रेमवर मी फिक्सी, म्हणजे चाक फिरलं की पायडलही फिरतंच अशी फिक्स्ड गिअर सायकल, बनवली. मागचं चाक मागे ओढायची खाच त्या फ्रेमला असतेच, त्यामुळे चेन ताणायला सोन्यासारखी. हब, कॉग (मागची दातेरी चकती), लॉकरिंग (कॉगला हबवर धरून ठेवणारी कडी) पुण्याहून मागवलं आणि चार दिवस मामांच्या दुकानात मुक्काम ठोकला.

फ्रीव्हील (पाय थांबले तरी चाक फिरू देणारा भाग) काढून टाकायचं म्हटल्यावर मामा माझ्याकडे बघतच राहिले. "आमच्याकडं चिखलानं फ्रीव्हील जाम झालं की लोक दुरुस्तीला आणतेत. तू चांगलं जाम करायला आणलास." मग विचारलं, ब्रेक कुठंय? म्हटलं, मामा, पाय आवरले की थांबते, ब्रेक लागत नाही. ते म्हणाले, "पाय आवरून बैल बी थांबत नाही, ही कशी थांबल?" माझ्या सगळ्या नकाराला न जुमानता त्यांनी पुढचा ब्रेक बसवला. मला तो मुळीच नको होता. नुसत्या हँडलचा फोटो काढायचा होता, खोटं कशाला बोलू.

आता चेन. मी केएमसीची १/८ आणली होती. ११२ कड्यांची, जोडायचं लॉक सोबत पुडीत. माझ्या फ्रेमला ती लांब होत होती. मामांनी पंच लावला, हातोडी मारली, नको त्या कड्या काढल्या आणि तीच पिन परत ठोकून चेन जोडून टाकली. लॉकची पुडी गल्ल्यात. मी म्हटलं, मामा, लॉक लावा. म्हणाले, "लॉकची चिमटी कुठं बी उडती. पिन उडत नाही." मीही तेव्हा गप्प बसलो. दुकान त्यांचं, हात त्यांचे, शिवाय मामींच्या हातचं जेवत होतो.

पुढे दोन महिन्यांनी श्रावणातला शनिवार. मी तेव्हा औरंगाबादला राहायचो (आता छत्रपती संभाजीनगर). पहाटे निघून दौलताबाद ओलांडलं, घाट चढून खुलताबादला गेलो, भद्रा मारुतीचं दर्शन घेतलं आणि परत फिरलो. श्रावणी शनिवार म्हटल्यावर शहरातून पायी आलेल्या लोकांनी रस्ता फुललेला. बायका, पोरं, अनवाणी माणसं, अर्धे जाणारे, अर्धे परतणारे. घाट उतरताना फिक्सीवर काय करावं लागतं ते तुम्हाला माहीत आहे: पायडल आपल्याला फिरवत असतं आणि आपण त्याला मागे दाबत असतो. एका वळणावर समोर माणसांचा घोळका दिसला, मी जोर लावला आणि खाटकन आवाज आला. पाय एकदम हलके झाले. जिना संपला असताना अजून एक पायरी आहे समजून पाय टाकावा, तसं पोटात झालं.

पुढचा ब्रेक होता म्हणून थांबलो. सायकल आडवी करत कठड्याला टेकली, गुडघा फुटला, बाकी काही नाही. चेन चाकात गुंडाळली असती तर मागचं चाक जागीच जाम झालं असतं आणि मी त्या घोळक्यात पडलो असतो. ती मागे रस्त्यावर पडली. एका मावशींनी उचलून आणून दिली, "दादा, तुमचा पट्टा पडला." काळे झालेले हात त्यांनी माझ्याच रुमालाला पुसले.

चेन तुटली ती बरोबर मामांनी ठोकलेल्या पिनवर. कडीची पट्टी पिनेवरून सरकून बाहेर आली होती.

फोन केला. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ब्रेक कुणी बसवला होता?"

तेव्हापासून दर भाऊबीजेला मामा आमच्याकडे येतात, आई ओवाळते आणि ताट उचलायच्या आत आमचं सुरू होतं. त्यांचं म्हणणं, चाळीस वर्षं पिना ठोकतोय, एक गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं नाही. चेन ओढायला असते, तू तिला थांबायला लावलंस. माझं म्हणणं असं आणि ते इथे एकदा नीट लिहून ठेवतो, कारण घरी कुणी पूर्ण बोलू देत नाही. हल्लीच्या चेनच्या पिनेचं डोकं कारखान्यात दाबून पसरवलेलं असतं, तेच पट्टीला धरून ठेवतं. पिन बाहेर काढताना ते डोकं खरवडलं जातं, पट्टीचं भोकही थोडं मोठं होतं. परत ठोकलेली पिन बघायला जागच्या जागी दिसते, पण तिची पकड गेलेली असते. फ्रीव्हीलच्या सायकलीवर ती निभते, कारण तिथे चेन एकाच बाजूने, वरच्या अंगाने ओढली जाते. फिक्सीवर पाय मागे दाबले की ताण खालच्या अंगाला जातो, पुढे मारले की परत वर, आणि दर वेळी मधला झोल एका झटक्यात भरला जातो. मामांची चाळीस वर्षं फ्रीव्हीलची आहेत. शिवाय त्यांची चेन तुटली तर गिऱ्हाईक चालत घरी जातं, माझी तुटली तर माझा ब्रेक गेला.

असो. तुमच्याकडे वळतो.

१/८ घ्या. तुमचा कॉग १/८ चा असेल तर दुसरा पर्यायच नाही, ३/३२ ची चेन त्या जाड दातांवर बसणार नाही. कॉग ३/३२ चा असला तरी १/८ ची चेन त्यावर चालते, थोडा आवाज करते इतकंच. पिच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, दोन्हींचा अर्धा इंचच, फरक फक्त आतल्या रुंदीचा. वजनाचं कुणी सांगायला लागलं तर त्याला आधी पाण्याची बाटली घरी ठेवायला सांगा. आणि ती नुसत्या हाफ लिंकने (एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद अशा कड्यांनी) बनवलेली, दिसायला भारी चेन घेऊ नका. त्यातल्या वाकड्या पट्ट्या ताणाखाली सरळ होऊ बघतात आणि चेन लवकर वाढते. लांबी जुळत नसेल तर एखादी हाफ लिंक टाकणं वेगळं.

दुकानातली काळ्या सायकलची साधी चेन? बसते, तीही १/८ चीच असते. घाटात चेन तुटल्यानंतर चार महिने मी तीच वापरली, सपाटीवर काही झालं नाही. घाटात नेली नाही.

पण चेन खरंच गेली आहे का, ते आधी बघा. स्टीलची मोजपट्टी घ्या, शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा. बारा इंचावर बरोबर पिनेचा मध्य यायला हवा. दीड मिलीमीटर पुढे गेला असेल तर बदला. तीन मिलीमीटर गेला असेल तर कॉगही गेला, नव्या चेनवर पैसे घालून जुन्या कॉगवर चढवू नका. गिअरच्या सायकलीवर चेन झिजली की ती दातांवरून घसरायला लागते, मग कळतं. फिक्सीवर आपण चाक मागे ओढतो, झोल जातो आणि झीज तशीच लपून राहते. मी एकदा खाचेच्या टोकापर्यंत चाक ओढलं होतं, तरी म्हणत होतो चेन चांगली आहे.

नवी चेन कापताना जुनी शेजारी लोंबकळत ठेवून लांबी जुळवू नका, जुनी वाढलेली असते. कड्या मोजा. जोडायला लॉकच वापरा, चिमटीचं असेल तर बंद टोक चेन जाते त्या दिशेला. ट्रॅकच्या काही चेनला नट-बोल्टचं लॉक येतं, मिळालं तर ते उत्तम. चिमटी उडते हे मामांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. उलटी लावली किंवा जुनीच परत वापरली तर उडते. म्हणून नवीनच लावा आणि आठवड्याला नजर टाका.

ताणताना मधोमध वर-खाली मिळून साधारण एक सेंटिमीटर हलली पाहिजे. चेनव्हील (पुढची दातेरी चकती) थोडंफार मध्यापासून सरकलेलं असतंच, म्हणून पायडल हळूहळू फिरवून जिथे सर्वात घट्ट होते तिथे मोजा. कारखान्याचं ग्रीस पुसून काढू नका, रॉकेलमध्ये तर बुडवूच नका, आतल्या रोलरपर्यंतचं वंगण निघून जातं. आणि आपल्याकडे जळकं ऑइल सोडायची पद्धत आहे ती विसरा. काळ्या मातीची धूळ त्यात मिसळली की आपण स्वतःच चेनला पॉलिशचा कागद लावतोय असं होतं.

लिहायचं राहिलं: तुम्ही ब्रेकबद्दल काहीच लिहिलं नाहीत. नसेल तर चेनच्या आधी तो बसवा. हे मामांना कळू देऊ नका.

आणि कॉग बदलायची वेळ आलीच तर मेकॅनिकला आधी सांगा की लॉकरिंगचा आटा उलटा असतो, नाहीतर सुलट समजून पाना मारून हबचं वाटोळं करेल. नांदेडहून परभणी फार लांब नाही, मामांचे हात अजून चांगले आहेत. ताण, चाक, ब्रेक सगळं त्यांच्याकडून करून घ्या. फक्त चेन जोडायची वेळ आली की पुडी स्वतःच्या खिशात ठेवा.