डेडलिफ्टनंतरची चमक, काळंनिळं पडलेली मांडी आणि डीप टिश्यू मसाज

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून उभं राहणं) करताना मांडीत मागून चमक आली, दोन दिवसांनी काळंनिळं पडलं आणि ट्रेनर म्हणतोय, 'गाठ बसलीये, डीप टिश्यू (खोलवर जोर देऊन दाबायचा मसाज) करून फोडून घे.' हेच मलाही सांगितलं होतं. डॉक्टर बघेपर्यंत त्या जागी कोणालाही दाबू देऊ नका.

मी डॉक्टर नाही, पण वजनं बरीच वर्षं उचलतोय. लेग डेनंतर दोन्ही मांड्या भरून येतात, जिना उतरताना जीव जातो, त्या दुखण्याला मसाजने थोडा आराम मिळतो. तुमचं दुखणं तसलं नाही. उचलतानाच कळ आली, नेमकं बोट ठेवून जागा दाखवता येते आणि रंग बदललाय, म्हणजे स्नायू फाटून आत रक्त साकळलं असण्याची शक्यता जास्त. त्यावर जोर दिला की रक्तस्राव वाढतो. क्वचित त्या जागी स्नायूतच हाड धरतं.

मी तेव्हा ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका मसाज सेंटरमध्ये गेलो (नाव लिहीत नाही). तिथे फॉर्मवर मोबाइल नंबर आणि आवडतं तेल विचारलं होतं. दुखापत आहे का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, एक शब्द नाही. मी स्वतः म्हटलं, इथे लागलंय, सांभाळून. मसाज करणारा म्हणाला, 'सर, दुखतंय म्हणजे काम होतंय,' आणि नेमकं तिथेच कोपर रोवलं. सकाळी ठाणे-वाशी लोकलमध्ये जागा मिळूनही मांडी बाकाला टेकवता येईना, एका कुल्ल्यावर बसून गेलो. सोनोग्राफीत रक्ताची गाठ निघाली. रिपोर्ट घेऊन सेंटरला गेलो, तर काउंटरवर 'मॅडम मीटिंगमध्ये आहेत.' पुढच्या खेपेला, 'पॅकेज रिफंड होत नाही, मित्राच्या नावावर करून देतो.' मित्राच्या! अजूनही आठवलं की डोकं सणकतं. पॅकेजचे पैसे आधी भरू नका, एकेका वेळेचे द्या.

मसाजने लॅक्टिक ॲसिड (जोराच्या व्यायामात स्नायूंत तयार होणारं आम्ल) निघून जातं, हेही डोक्यातून काढा. ते व्यायामानंतर तासाभरात शरीर स्वतःच निपटतं. ताकदही वाढत नाही. स्नायू सैल वाटतो, झोप बरी लागते, माझ्या मते तेवढ्यासाठी करावा, आणि जड स्क्वॉटच्या (वजन घेऊन उठाबशा) आदल्या दिवशी तर नकोच. नौपाड्यातल्या ज्या फिजिओताईंनी मला बरं केलं, त्यांनी सुरुवातीला मांडीला हात न लावता हलके व्यायामच दिले होते. अर्थात प्रत्येकाची दुखापत वेगळी, कोणता व्यायाम किती करायचा, ते तुमच्या फिजिओकडूनच ठरवून घ्या.

आणखी एक. एकच पोटरी सुजून गरम लागत असेल तर चोळू नका, शिरेत गुठळी असू शकते. जोराच्या व्यायामानंतर किंवा मसाजनंतर लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर सकाळची वाट न बघता थेट इमर्जन्सी गाठा. स्नायू विरघळून किडनीवर ताण आल्याचं ते लक्षण असतं.

डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला सांगितली, तर त्यात काय निघालं ते इथेच लिहा.