पक्ष नाही, पैसा नाही, तरी महापालिकेला अपक्ष उभं राहायचंय. जमेल का?

तुम्ही लिहिलंय की वय २६, पुण्यात राहता, नाल्याच्या आणि कचऱ्याच्या प्रश्नावर काही वर्षं प्रभागात काम केलंय, लोक ओळखतात, आणि आता पुढच्या महापालिकेला अपक्ष उभं राहायचा विचार आहे. मी स्वतः कधी उभा राहिलो नाही. पण २०१७ ला आणि आता जानेवारी २०२६ ला पुण्यातच एका अपक्ष बाईंच्या मागे कागदपत्रं, याद्या, बूथ असलं सगळं सांभाळलंय. त्या दोन्ही वेळा पडल्या, हे आधीच सांगतो, म्हणजे माझ्या उत्तरातून जिंकायचा फॉर्म्युला मिळेल असं वाटायला नको. पण पडतात कशामुळे ते मात्र जवळून बघितलंय.

उभं राहणं काही अवघड नाही. २१ पूर्ण असलं आणि नाव शहराच्या मतदार यादीत असलं की तुम्ही शहरातल्या कुठल्याही प्रभागातून उभे राहू शकता, आपल्याच प्रभागातून पाहिजे असं काही नाही. महापालिकेची थकबाकी नको, महापालिकेच्या कामाचा ठेका तुमच्या नावावर नको, १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेलं तिसरं अपत्य नको (तुमच्या वयाला हा प्रश्न यायचा नाही म्हणा). गुन्हे, मालमत्ता, शिक्षण यांचं शपथपत्र लागतं. अनधिकृत बांधकामाचं मात्र आत्ताच तपासून घ्या, कारण त्यावरून निवडून आल्यावरही पद जाऊ शकतं आणि नगरसेवकाने स्वतः केलेलंच नाही, नवऱ्याने, बायकोने किंवा अवलंबून असलेल्याने केलेलंसुद्धा त्यात धरतात. राखीव जागेवर उभं राहायचं असेल तर जातवैधता हा वेगळा उद्योग आहे. अर्ज भरताना जात पडताळणी समितीकडे प्रकरण दाखल केल्याची पावती चालते, पण निवडून आल्यावर ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र नाही आणलं तर निवडच रद्द होते, त्यामुळे ते काम आजच सुरू करा. निवडणूक जाहीर झाल्यावर सगळा गाव त्या ऑफिसात रांगेत असतो.

नियमाप्रमाणे पुढची निवडणूक २०३१ च्या सुरुवातीला. "नियमाप्रमाणे" हा शब्द जपून वापरतोय, कारण मागच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ ला संपली होती आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासक. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्ट, आणि शेवटी मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला, मग त्यालाही ३१ जानेवारी २०२६ पर्यंत मुदतवाढ. जे इच्छुक २०२१ पासून तयारीला लागले होते त्यांची काय दशा झाली असेल विचार करा. दर गणपतीला फ्लेक्स, दर दिवाळीला उटणं, आणि निवडणुकीचा पत्ताच नाही. पक्षवाला हे झेपवतो कसंतरी, अपक्ष मध्येच गळतो.

दुसरं म्हणजे तुमचा प्रभाग आज आहे तसा तेव्हा असेल याची खात्री धरू नका. पुण्यात २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग होता (म्हणजे एका प्रभागातून तीन नगरसेवक), २००७ ला एकाचा, २०१२ ला दोघांचा, २०१७ ला चौघांचा. मधे सरकार बदललं तेव्हा तिघांचा ठरला होता, परत सरकार बदललं, परत चौघांचा. प्रत्येक वेळी हद्दी हलतात. त्यावर आरक्षणाची सोडत, ती निघते मतदानाच्या दोनेक महिने आधी (यावेळी नोव्हेंबर २०२५ ला निघाली). निम्म्या जागा महिलांच्या, शिवाय अनुसूचित जाती, जमाती, मागास प्रवर्ग. म्हणजे चार जागांत खुली सर्वसाधारण जागा बहुतेक एकच आणि तिच्यावर प्रत्येक पक्षाचा सगळ्यात वजनदार माणूस. तुम्ही पुरुष आहात आणि खुल्या प्रवर्गातले आहात असं गृहीत धरलं तर तुमची लढत थेट त्याच्याशी. प्रश्नात तुम्ही लिहिलं नाहीये, पण हे गणित आधी मांडा. (सोडतीत जागा महिला निघाली की रातोरात "वहिनींचं सामाजिक कार्य" सुरू होतं, ते तुम्ही बघितलं असेलच.)

आता मुख्य मुद्दा. सगळे म्हणतात अपक्ष पैशाअभावी पडतो. पैसा लागतोच, पण आम्ही पडलो ते वेळेने आणि यादीने.

वेळेचं असं की पक्षाचं चिन्ह लोकांना लहानपणापासून पाठ असतं. अपक्षाला चिन्ह मिळतं अर्ज मागे घ्यायची मुदत संपल्यावर. यावेळी ती मुदत होती २ जानेवारी, चिन्हं ३ तारखेला, आणि प्रचार बंद १३ ला संध्याकाळी साडेपाचला. झालं, एवढ्या दिवसात तुम्ही चिन्ह छापणार, वाटणार आणि लोकांच्या डोक्यात बसवणार. पुण्यात ४१ प्रभाग आहेत १६५ जागांसाठी (एक पाच जणांचा, बाकी चौघांचे), म्हणजे २०११ च्या जनगणनेने धरलं तरी एका प्रभागात ८० हजारांच्या वर माणसं. दारोदार जायचं म्हटलं तरी सगळी घरं होतच नाहीत, जिने चढता चढता कार्यकर्ते बसतात. त्यामुळे अपक्षाने चिन्हावर नाही, नाव आणि चेहऱ्यावर खेळायचं असतं, आणि ते काम चिन्ह मिळायच्या चार वर्षं आधी सुरू होतं.

त्यात चार बटणांचा घोळ. मतदार आत जातो तेव्हा अ, ब, क, ड अशा चार जागांच्या मतपत्रिका असतात, रंग वेगवेगळे, पांढरा, फिका गुलाबी, फिका पिवळा, फिका निळा, आणि चारही जागांसाठी बटण दाबल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही, शेवटी बझर वाजतो. पक्षवाले सांगतात काय, तर "चारही ठिकाणी आपलंच चिन्ह शोधा आणि दाबा", बास. हे समजायला सेकंद लागतो. अपक्षाला सांगावं लागतं की माझं बटण अमुक रंगाच्या पत्रिकेवर, अमुक नंबरला, बाकीच्या तीन जागी तुम्हाला हवं ते करा. इथेच माणूस विचारतो, "मग बाकी तीन कुणाला देऊ?" आणि तुमच्याकडे उत्तर नसतं. २०१७ ला आम्ही म्हणायचो तुमचं तुम्ही ठरवा, आम्हाला वाटायचं हे फार प्रामाणिक आहे. लोकांना ते अर्धवट वाटायचं. माझं मत विचाराल तर चौघांच्या प्रभागात एकट्याने उभं राहण्यात अर्थ नाही. तुमच्यासारखेच आणखी तिघं शोधा, त्यात दोन महिला, आरक्षणाच्या जागा भरतील असे, आणि चौघांनी मिळून एकच पत्रक काढा. चिन्हं वेगळी मिळाली तरी चालेल, लोकांच्या हातात चार नावांचा एक कागद तर राहतो. अशी चार माणसं सापडत नसतील तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

आता यादी. इथे जरा जास्त लिहितो कारण नवीन माणूस याच्याकडे बघतच नाही.

महापालिकेची स्वतंत्र मतदार यादी नसते. विधानसभेची जी यादी असते तीच ठरलेल्या तारखेला घेऊन (यावेळी १ जुलै २०२५) प्रभागाप्रमाणे फोडतात. म्हणजे १ जुलैला ज्याचं नाव विधानसभेच्या यादीत नाही तो महापालिकेला मतदार नाही, मग तो तुमच्या गल्लीत वीस वर्षं राहत असला तरी. राज्य निवडणूक आयोग नवीन नावं घालत नाही आणि वगळतही नाही. प्रारूप यादी आल्यावर हरकती घेता येतात त्या फक्त, नाव चुकून शेजारच्या प्रभागात गेलंय, विधानसभेच्या यादीत आहे पण इथे सुटलंय, छपाईची चूक आहे, अशा. यावेळी प्रारूप यादी २० नोव्हेंबरला आली आणि मुदतवाढ धरून ३ डिसेंबरपर्यंत हरकती. आम्ही बघितलं तर हद्दीवरच्या काही इमारतीच्या इमारती पलीकडच्या प्रभागात टाकलेल्या. आमच्या ताईंनी ज्या सोसायट्यांचं पाण्याचं काम केलं होतं त्यातल्याच. हरकती दिल्या, काही दुरुस्त झाल्या, काही राहिल्या.

तर तुम्ही काय करा, आजच विधानसभेची यादी भागाप्रमाणे डाउनलोड करा, प्रिंट काढा, आणि गल्लीगल्लीत घेऊन बसा. सुट्टीच्या दिवशी चौकात टेबल टाकलं तरी चालतं. कोण गेलं, कोण भाड्याचं घर सोडून गेलं, लग्न होऊन कोण आलं, १८ पूर्ण कोण झालं. नवीन नावाला फॉर्म ६, पत्ता बदलला असेल तर फॉर्म ८. हे काम कंटाळवाणं आहे आणि याचे फोटो टाकून लाइक मिळत नाहीत, पण यातून दोन गोष्टी होतात. एक म्हणजे ज्यांच्यासाठी तुम्ही काम केलंय ते लोक खरोखर मतदार होतात. भाड्याने राहणारी आयटीतली पोरं तुमच्या पोस्टवर टाळ्या वाजवतात आणि त्यांचं नाव अजून लातूरला नाहीतर नांदेडला असतं, हे मी डोळ्याने बघितलंय. दुसरं म्हणजे मत न मागताही तुम्ही घराघरात पोचता, आणि माणसं लक्षात ठेवतात की या मुलाने आईचं नाव यादीत आणून दिलं होतं. दुबार नावांचंही बघा. यावेळी आयोगाने संशयित दुबार नावापुढे दोन स्टार दिले होते आणि त्याला विचारून तो कुठल्या बूथवर मत देणार हे नक्की करायचं होतं. ते किती नीट झालं यावर मी बोलत नाही, पण तुमच्या बूथवरच्या माणसाकडे ती नावं खुणा करून असली पाहिजेत.

बूथवरून आठवलं. एका प्रभागात सत्तर-ऐंशी बूथ सहज होतात आणि प्रत्येक ठिकाणी सकाळी साडेसातपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत तुमचा एक मतदान प्रतिनिधी बसायला हवा. पक्षाकडे माणसं असतात, तुमच्याकडे मित्र, आणि मित्राला दुपारी बारा वाजता काम आठवतं. सगळे बूथ भरतील असं समजूच नका. जिथे तुमचं काम आहे ते निवडा आणि तिथे भरवशाची माणसं ठेवा, शक्यतो त्याच गल्लीतल्या बायका, त्या चेहऱ्याने मतदार ओळखतात आणि उठत नाहीत. कुणाच्या नावावर आधीच मत पडलेलं निघालं तर त्याला तसाच घरी जाऊ देऊ नका, ओळख पटवून प्रदत्त मत, म्हणजे वेगळ्या मतपत्रिकेवर नोंदवलं जाणारं मत, मागता येतं.

पैशाचं थोडक्यात. यावेळी पुण्यासाठी खर्चाची मर्यादा एका उमेदवाराला १५ लाख होती, लहान महापालिकांना ९ लाख. प्रत्यक्षात कोण किती करतो ते तुम्हाला मला माहितीय. तुम्ही मात्र कागदावर चोख राहा कारण अपक्षाची चूक लगेच दिसते. वेगळं बँक खातं उघडा, रोजचा हिशोब रोज लिहा. चहा, वडापाव, रिक्षा, मांडव, सगळ्याचे दर निवडणूक कार्यालय ठरवून देतं, तुम्हाला फुकट मिळालेला मांडवही त्या दराने खर्चात धरतात.

आश्वासनं देताना जपून. नगरसेवक झालात तरी अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे, आणि आयुक्त सरकार नेमतं. पैशाच्या नाड्या स्थायी समितीकडे, तिच्यात १६ जण, अपक्षाला तिथे जागा मिळणं कठीण. तेव्हा "नाला मी बांधून देईन" न म्हणता "नाल्याचं टेंडर, त्याची मुदत, ठेकेदार, सगळं दर महिन्याला तुमच्यासमोर ठेवीन" हे म्हणा. ते एकट्याला करता येतं. आणि खरं सांगू का, ते नगरसेवक न होताही करता येतं, माहितीचा अधिकार आहेच.

तुम्ही शेवटी विचारलंय की नाहीच उभा राहिलो तर चार मतं देताना काय करावं, नोटा दाबावं का. चारही एकाच पक्षाला द्यायची सक्ती नाही, प्रत्येक जागेचा उमेदवार वेगळा बघा, शपथपत्रं मतदानाआधी पाहायला मिळतात. एखाद्या जागेवर कुणीच पटत नसेल तर तिथे नोटा. आपल्याकडच्या स्थानिक निवडणुकांत राज्य आयोगाच्या २०१८ च्या आदेशाने नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर त्या जागेची निवडणूक परत घ्यावी लागते, हे लोकसभा-विधानसभेला नाही. मी कुठे तसं झालेलं बघितलं नाहीये, पण तरतूद आहे.

आणि उभे राहिलात आणि पडलात, तर दुसऱ्या दिवशी फोन बंद करून झोपू नका. निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशोब द्यावाच लागतो, पडलेल्यालासुद्धा. पडलेले बरेच जण वैतागून तो देत नाहीत आणि मग तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरतात. २०१७ ला आम्ही तो शेवटच्या आठवड्यात धावपळ करत दिला, यावेळी ताईंच्या भाच्याने, तो बी.कॉम. करतोय, अर्ज भरल्या दिवसापासून पावत्या तारखेने लावून ठेवल्या होत्या. असा एक भाचा तुम्हीही बघून ठेवा.