वाचकांचे प्रश्न : चाप जड बरा की हलका?

प्रश्न : फोंड्याला माझं सोन्याचं छोटं दुकान आहे, वय ५४. रात्री दुकान बंद करून स्कूटरनं घरी जातो, कधीकधी बॅगेत माल असतो. लायसन नुकतंच हातात आलंय. बंदुकीचा दुकानदार म्हणतो .३२ मापाचं पिस्तुल घ्या, आठ राउंड (गोळ्या) बसतात, चापही लोण्यासारखा. मुलगा म्हणतो हलका चाप म्हणजे स्वतःच्याच पायात गोळी, रिव्हॉल्व्हर घ्या. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : मुलाचं ऐका, पण तो बोलतोय ते अर्धंच बरोबर आहे.

आधी एक घोळ मिटवू. आपण सर्रास 'घोडा दाबला' म्हणतो, पण घोडा म्हणजे मागचा हॅमर आणि बोट जातं तो चाप. मी इथं तसंच लिहितोय, नाहीतर पुढं तुमचा-माझा दोघांचा गोंधळ होईल.

सिंगल अ‍ॅक्शनमध्ये चापाला एकच काम, आधीच ताणून बसलेला घोडा सोडून द्यायचा. पिस्तुलात तो स्लाइड (वरचा मागं-पुढं सरकणारा भाग) ओढताना ताणला जातो आणि नंतर प्रत्येक गोळीबरोबर आपोआप. म्हणून चाप थोडासाच सरकतो आणि दोन-अडीच किलोच्या जोरावर सुटतो, तुमचा दुकानदार दाखवतोय ते सरकारी कारखान्याचं .३२ पिस्तुल ह्याच जातीचं. डबल अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे आजच्या बहुतेक रिव्हॉल्व्हरमध्ये, चाप आधी घोडा मागं नेतो आणि मग सोडतो, त्याला साधारण साडेचार-पाच किलो जोर लागतो आणि अंतरही लांब. घरी उकड्या तांदळाची पाच किलोची पिशवी असेल तर तर्जनीच्या एका पेरावर उचलून बघा, मग कळेल मी काय म्हणतोय ते.

आता मुलाचं अर्धं कुठं चुकतं. सुरक्षितपणा नुसत्या किलोत नसतो. घाबरलेल्या माणसाची अख्खी मूठ आवळली जाते, पायरीवरून पाय घसरला तरी आवळली जाते, आणि त्या आवळण्याला पाच किलो म्हणजे काहीच नाही. जड चापाचा खरा फायदा त्याच्या लांबीत आहे, बोट चुकून आत गेलंच तर घोडा मागं जायला लागतो, हाताला समजतं की अरे काहीतरी होतंय, आणि थांबायला पाव सेकंद तरी मिळतो. हलक्या छोट्या चापात समजेपर्यंत आवाज झालेला असतो. पण हाच लांब चाप ओढताना सराव नसलेल्याचा नेम हमखास खाली जातो, त्यामुळं रिव्हॉल्व्हर घेतलं म्हणजे सुटलो असं नाही.

तिसरा एक प्रकार आहे, पहिली गोळी डबल अ‍ॅक्शन, जड, आणि पुढच्या सगळ्या हलक्या. १९२९च्या जर्मन वाल्थर पीपी पिस्तुलानं हा प्रकार गाजवला. आपल्याकडं कुणाकुणाच्या आजोबांच्या कपाटात .३२मधलं असलं जुनं पिस्तुल असतं, आणि साध्या लायसनवाल्याला बाहेरून आणणं बंद असल्यामुळं त्याची किंमत ऐकून घेरी येते. वस्तू सुंदर, वाद नाही. पण एकाच हत्यारात दोन वेगवेगळे चाप बोटाला शिकवायचे, तेही वर्षाकाठी मोजकी काडतुसं झाडून... ५४व्या वर्षी नको तो उपद्व्याप.

तुमच्यासाठी माझा कौल रिव्हॉल्व्हर. कारण सांगतो. सिंगल अ‍ॅक्शन पिस्तुल चेंबर (नळीच्या मागचं गोळीचं घर) भरून, घोडा ताणून, फक्त सेफ्टीच्या खटक्यावर विसंबून कमरेला लावायचं हे रोज सराव करणाऱ्याचं काम. तसं नको म्हणून चेंबर रिकामं ठेवलं तर वेळेला स्लाइड ओढायला दोन हात लागणार, आणि तुमचा एक हात बॅगेत अडकलेला. रिव्हॉल्व्हरमध्ये बाहेरचा कुठला खटका आठवायचा नाही, चाप ओढायचा एवढंच. .३२मध्येच आपले सहा गोळ्यांचे देशी नग आहेत, कानपूरचं निर्भीक २०१४ला आलं ते तर जेमतेम अर्ध्या किलोचं. हलकं म्हणून लगेच हरखू नका, हलक्या हत्याराचा झटका हाताला जास्त बसतो, दुकानातल्या काचेवरून उचलून ते कळत नाही. आणि रिव्हॉल्व्हरचा घोडा अंगठ्यानं मागं ओढून ठेवायची फिल्मी सवय अजिबात नको, तसं केलं की ते सिंगल अ‍ॅक्शनच झालं, वर थरथरत्या हातानं घोडा परत खाली उतरवायचं लफडं वेगळं. जुना नग मिळाला तर आत हॅमर ब्लॉक किंवा ट्रान्सफर बार (चाप ओढल्याशिवाय घोड्याचा ठोका गोळीला लागू न देणारा भाग) आहे का ते आर्मररकडून, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याकडून, बघून घ्या, नसेल तर घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचं, पाचच गोळ्या.

मी स्वतः बरीच वर्षं आर्मररचं काम केलंय, त्यातला एक प्रसंग. एका भाटकाराच्या (जमीनदाराच्या) घरी बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीत, बसलो होतो, त्यांनी कौतुकानं पिस्तुल दाखवायला आणलं. 'थांबा, रिकामं करतो' म्हणाले, स्लाइड ओढली, एक राउंड टप्पकन खाली पडला, मग मॅगझिन (मुठीतली गोळ्यांची पेटी) काढून टेबलावर ठेवलं आणि पिस्तुल माझ्या हातात दिलं, नळी थेट माझ्या पोटाकडं. मी बाजूला वळवून परत स्लाइड ओढली. दुसरा राउंड उडाला आणि सोप्याखाली घरंगळत गेला. त्यांचा चेहरा पांढराफटक. स्लाइड पुढं जाताना मॅगझिनमधला पुढचा राउंड घेऊनच जाते, म्हणून आधी मॅगझिन, मग स्लाइड, मग चेंबरमध्ये करंगळी घालून बघायचं. त्या दिवशी चाप जड होता की हलका ह्यानं काय फरक पडला असता?

आणि स्कूटर! कमरेला पुढं पँटीत खोचून स्कूटरवर बसलात तर नळी कुठं बघते ते आरशासमोर खुर्चीत बसून बघा, बहुतेक मांडीकडं. नुसतं खोचायचं नाही, डिकीत टाकायचं नाही, कापडी पाउचही नको, बाहेरूनच चाप दाबला जातो त्यातून. चापाभोवतीची कडी पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर, उजव्या बाजूला, वर शर्ट. होल्स्टरमध्ये परत घालताना शर्टाचं टोक किंवा रेनकोटची नाडी चापात अडकते, अपघात बहुतेक तिथंच होतात, तेव्हा डोळ्यांनी बघून, हळू. उघडं मिरवणं तसंही नियमात बसत नाही, २०१६च्या शस्त्र नियमांत सार्वजनिक जागी हत्यार होल्स्टरमध्ये, झाकूनच न्यायचं असं आहे.

प्रश्न : ग्लॉक पिस्तुलाला सेफ्टीच नसते म्हणतात तरी जगभर पोलिस वापरतात, हे कसं? आणि आपल्याला घेता येतं का?
— कॉलेजवाला, मडगाव

उत्तर : दुसऱ्याचं उत्तर आधी, तू व्हिडिओत बघतोस ती नाही. ती ९ एमएमची, आणि तो बोअर (नळीचं माप) आपल्याकडं प्रतिबंधित, साध्या लायसनवर मिळत नाही.

सेफ्टी नसते हे मात्र खरं नव्हे, अंगठ्यानं दाबायचा खटका नसतो. चापाच्या मधोमध एक छोटी पात असते, बोट नीट त्यावर पडल्याशिवाय चाप हलत नाही, आणि आत फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सुई) अडवणारी व पडल्यावर अडवणारी अशा आणखी दोन, तिन्ही चाप ओढता ओढता सुटतात. घोडा बाहेर दिसत नाही, त्याऐवजी आतला स्ट्रायकर (स्प्रिंगवरचा ठोकणारा दांडा) अर्धवट ताणलेला असतो, बाकीचं ताणणं चाप करतो, जोर सुमारे अडीच किलो, म्हणजे सिंगल आणि डबलच्या मधलंच काहीतरी. हे सगळं पिस्तुल हातातून पडलं तर वाचवतं. चापात नाडी अडकली तर वाचवत नाही, कारण पिस्तुलाला नाडी आणि बोट सारखंच! आणि पडण्याचं म्हणशील तर तेही गृहीत धरू नको, २०१७मध्ये सिग सावर कंपनीनं आपल्या पी३२० ह्या स्ट्रायकरवाल्या पिस्तुलात पडल्यावर गोळी सुटू नये म्हणून फुकट बदल करून द्यायला सुरुवात केली होती.

प्रश्न : समुद्राकाठी घर, पावसाळ्यात रिव्हॉल्व्हरला ताम (गंज) धरतो. चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवतो. शिवाय पुढच्या महिन्यात बेळगावला लग्न आहे, बरोबर नेऊ का?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : चामडं ओल धरून ठेवतं, ताम तिथूनच येतो. घरी आलात की होल्स्टरमधून काढा, घामाचा हात लागलेला सगळा भाग तेलाच्या फडक्यानं पुसा, कुलपाच्या लोखंडी पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, गोळ्या वेगळ्या कुलपात. नळीत तेलाचा पूर नको, आणि काडतुसांना तर तेलाचा हातसुद्धा नको.

बेळगावचं म्हणाल तर लायसनवर क्षेत्र काय लिहिलंय ते आधी वाचा. फक्त गोवा असेल तर चोर्ला घाट चढून पलीकडं गेलात की तुम्ही विनालायसनवाले. अखिल भारतीय असेल तरी लग्नात कशाला हवंय ते? मांडवात कुणीतरी 'एक बार काढा की पात्रांव' म्हणणारच, आणि शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर असल्या आनंदाच्या बाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पेटीत ठेवा, किल्ली स्वतःच्या खिशात घेऊन जा.