दीड वर्षाच्या मुलीचा नियम

"लहानपणीची अ‍ॅलर्जी मोठेपणी जाते का हो?" आणि "जन्मभर खाल्लं, मग आताच कशी सुरू होईल?" हे दोन प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे आलटूनपालटून येतात. एकदा मात्र दोन्ही एकाच घरातून आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगी 19 वर्षांची. दीड वर्षाची असताना अंडं खाऊन चेहरा सुजला, तेव्हापासून अंडं बंद. गेल्या वर्षी रुग्णालयात डॉक्टरांनी स्वतःच्या देखरेखीखाली थोडं थोडं करत अख्खं अंडं खाऊ घातलं. काही झालं नाही. आता नियमित खात जा, म्हणाले. पण कॉलेजात वाढदिवसाचा केक कापला की ही बाहेर जाऊन उभी. "हिला जरा समजवा," म्हणत आई घेऊन आली.

अंड्याची, दुधाची अ‍ॅलर्जी बहुतेक मुलांची वाढत्या वयात सुटते. शेंगदाण्याची साधारण पाचांतल्या एकाचीच. पोरीला हे सगळं पाठ होतं. माहितीने भीती जात असती तर माझं दुकान केव्हाच बंद पडलं असतं.

तिसऱ्या भेटीत आई वैतागली. "अगं, शरीर बदलतं माणसाचं!"

"मग तुझं नाही का बदलत?"

मी पेन खाली ठेवलं. आईला चाळिशीनंतर कोलंबीची अ‍ॅलर्जी निघाली होती. अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले, घसा आवळला. डॉक्टरांनी तपासून कोलंबी कायमची बंद करायला सांगितलं, तरी बाई सेट्रिझिनची, म्हणजे अ‍ॅलर्जीवरची गोळी घेऊन खात होत्या. "मालवणात वाढले मी. सुंगटांनी (कोलंबीनं) मला काय होतंय?"

मी मुलीला विचारलं, "आई जेवते तेव्हा तू काय करतेस?"

"तिच्या ओठांकडे बघत बसते. तिला भीती वाटतच नाही. मग दोघींची मलाच वाटून घ्यावी लागते."

आई बराच वेळ पदराशी चाळा करत राहिल्या. माणसाकडे घरासकट पाहावं, हा माझा जुना हट्ट. त्या दिवशी तो वसूल झाला, हे कबूल करते. भीती मुलीची दिसत होती, पण मुळात ती आईच्या वाट्याची होती.

म्हणून अशा घरांना मी दोन्हीकडून सांगते. सुटली असेल असं वाटलं तरी घरी चाखून बघू नका. ती परीक्षा डॉक्टरांसमोरच. कोलंबीची अ‍ॅलर्जी मोठेपणी सुरू होऊ शकते आणि सहसा जात नाही. त्यातलं प्रथिन शिजवून, वाळवूनही टिकतं, म्हणजे सोडेही (वाळवलेली कोलंबी) नकोत. गोळीने खाज थांबते, आवळणारा घसा नाही. श्वास अडकला तर अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शनच लागतं. थेट रुग्णालय गाठा.

पुढच्या महिन्यात मुलीने अर्धं ऑम्लेट खाल्लं. आईंनी कोलंबी सोडली. सोड्यांची बरणी मात्र अजून फडताळात आहे, अशी चुगली परवा मुलीने केली.