विषाणू, मेंदूतील गाठ आणि एका पत्नीचा अपराधभाव

मेंदूतील गाठ विषाणूमुळे होते का आणि होत असेल तर ती घरातल्यांना लागेल का, हा प्रश्न करोनानंतर रुग्णांचे नातेवाईक मला वारंवार विचारू लागले आहेत. मुलुंडच्या एका गृहिणीच्या बाबतीत या शंकेने टोक गाठले होते. पतीला ग्लायोब्लास्टोमाचे, म्हणजे मेंदूतील वेगाने वाढणाऱ्या कर्करोगी गाठीचे, निदान झाल्यावर त्यांनी त्याचे ताट-पेला वेगळा केला, मुलाचे अंथरूण दुसऱ्या खोलीत हलवले आणि या साऱ्याचे मूळ म्हणजे आपल्याला मागे झालेली नागीण, अशी खूणगाठ बांधली.

मोबाईलवर त्यांनी जे वाचले होते, ते निराधार नव्हते. नागिणीच्या विषाणूच्याच कुळातील सायटोमेगॅलो विषाणूच्या खुणा या प्रकारच्या गाठींत सापडल्याचे अमेरिकेतील मेंदूचे शल्यविशारद चार्ल्स कॉब्ज यांनी 2002 मध्ये मांडले. नंतर काहींना त्या सापडल्या, काहींना नाहीत, आणि या विषाणूमुळेच गाठ होते हे सिद्ध झालेले नाही. हा विषाणू आपल्याकडे बहुतेक प्रौढांच्या शरीरात असतो, ही गाठ मात्र विरळाच आढळते. नागिणीचा विषाणू तर कांजिण्यांचाच, आणि कांजिण्या होऊन गेलेल्यांत ग्लायोमाचे (ग्लायोब्लास्टोमा ज्या गटात मोडतो त्या गाठींचे) प्रमाण किंचित कमीच दिसल्याचे काही अभ्यास सांगतात. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णांत त्याच कुळातील एप्स्टाईन-बार विषाणूचा मेंदूतील लिम्फोमाशी (पांढऱ्या रक्तपेशींच्या कर्करोगाशी) संबंध पक्का आहे. पण तीही गाठ सहवासाने लागत नाही.

हे सारे त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, “मॅडम, तरी माझ्यामुळे नाही, असं खात्रीनं म्हणता येईल?”

“समजा, तुमच्यामुळे नाही हे उद्या सिद्ध झाले. मग तुम्हाला काय वाटेल?”

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “मग हे का झालं, ते कुणालाच सांगता येणार नाही.”

घटनेपेक्षा तिच्याविषयीचा समज माणसाला अधिक छळतो, हा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा विचार मी मानते; पण छळणारा समज आधारही देत असतो, हे त्या उत्तराने मला दाखवले. दोष स्वतःकडे घेतला की निदान कारण तरी हाती राहते. माहितीपाशी न थांबता तो प्रश्न विचारला, याचे मला आजही समाधान आहे. पुढच्या भेटींत आम्ही नागिणीबद्दल जवळजवळ बोललोच नाही. ज्याचे कारण सापडत नाही, त्या दुःखाबद्दल बोललो.

अशा कुटुंबांना मी एवढेच सांगते की ताट वेगळे करण्याची गरज नाही, काळजी उलट्या दिशेने घ्यायची असते. केमोथेरपी आणि स्टेरॉइडमुळे रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी होते. म्हणून घरात कुणाला फ्लू किंवा नागिणीचे फोड असतील, तर त्याने रुग्णापासून दूर राहावे, आणि रुग्णालाच ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.