मामांचे ४६ डॉलर आणि तुमची ठेव

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा बारावी झाला, त्याला कॅलिफोर्नियात मामांकडे राहून तिथल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, फिल्म, व्हिडिओ आणि फोटोग्राफी शिकायचीय. मामा म्हणतात, फी फक्त ४६ डॉलर युनिट (युनिट म्हणजे अभ्यासक्रम मोजायचं तिथलं माप). यजमानांच्या मागे राहिलेली १८ लाखांची ठेव त्यासाठी मोडू का, असं तुम्ही गोव्यातल्या साखळीहून विचारलंत. तुमच्या निवृत्तीला सहा वर्षं आहेत.

मोडू नका. निदान यंदा तरी नाही.

मामांचा आकडा खरा आहे, पण तो तिथल्या रहिवाशांचा. दोन वर्षांच्या असोसिएट पदवीला साधारण ६० युनिट लागतात, म्हणजे २,७६० डॉलर. डॉलर ९० रुपये धरला तर अडीच लाखांच्या आत. मामा हाच हिशेब सांगत असणार. पण एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर गेलेला मुलगा मामांच्या घरी राहिला म्हणून रहिवासी ठरत नाही. परदेशी विद्यार्थ्याला तेच युनिट साधारण ३०० डॉलरच्या पुढे पडतं. ६० युनिटांचे झाले १८,००० डॉलर, म्हणजे १६ लाख २० हजार. विमा, विमानाचं भाडं आणि व्हिसाचा खर्च वेगळा. राहणं-जेवणं मामांकडे धरूनही ठेव संपली. काम करून भागवेल म्हणाल, तर पहिल्या वर्षी फक्त कॉलेजच्या आवारात आणि सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच.

शिक्षण वाईट नाही, हे मनापासून सांगतो. तिथून पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जाता येतं. पण ती पुढची दोन वर्षं बहुतेक याहून महाग असतात, आणि त्यांचा हिशेब तुमच्या पत्रात नाही. परत येऊन गोव्यातच काम करायचं असेल, तर लग्नाच्या फोटोंचं काम देणारा पदवी बघत नाही, आधीचं काम बघतो.

म्हणून यंदा दीड लाख, तेही ठेव न मोडता ठेवीवर कर्ज काढून. त्यात जुना कॅमेरा आणि एक लेन्स येईल. लेन्स घेताना टॉर्च मारून आरपार बघा. आपल्या पावसाळी दमटपणात आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. तशी दिसली तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू झाला की मुलाला एखाद्या फोटोग्राफरच्या हाताखाली पाठवा. अक्षता पडतानाचा फोटो पुन्हा घेता येत नाही. ते दडपण त्याला आवडतं की नको होतं, हे मे महिन्यापर्यंत कळेल. नोव्हेंबरात पणजीच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवालाही त्याला जाऊ द्या.

त्यानंतरही जायचंच म्हणाला, तर शैक्षणिक कर्ज काढू. मुख्य कर्जदार तो, सहकर्जदार तुम्ही. तुम्ही फेडलेल्या व्याजावर आयकरात सवलत आहे, पण फक्त जुन्या करपद्धतीत.

तोवर मामांना त्या कॉलेजचा परदेशी विद्यार्थ्यांचा दर लेखी मागवायला सांगा. तो आणि ठेवीची मुदत संपण्याची तारीख मला कळवा.